मालकाचा रकाना

मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत डिजिटायझेशनचं काम करते. जुनी दफ्तरं स्कॅन करायची, वाचून इंडेक्स करायचा आणि ऑनलाइन टाकायचं, असं साधारण काम. ज्या दिवसाबद्दल लिहितेय त्या दिवशी टेबलावर होतं एका बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) चर्चचं सभासद रजिस्टर, १८४० च्या आसपास सुरू झालेलं. चामड्याची पाठ सुटलेली, शाई तपकिरी पडलेली आणि काही ठिकाणी शाईनेच कागद खाल्लेला, जुन्या लोखंडी शाईचं असं होतं, जिथे लिहिणाऱ्याने टाक जोरात दाबला तिथे आता बारीक भोक आहे.

दक्षिणेतल्या चर्चची अशी रजिस्टरं बघितली नसतील तर थोडं सांगायला हवं. गुलामगिरीच्या काळात गोरे आणि त्यांचे गुलाम बऱ्याचदा एकाच मंडळीचे सभासद असायचे. बाप्तिस्मा देणारा पास्टर एकच, बसायला मात्र काळ्या लोकांना वरची गॅलरी नाहीतर मागची बाकं. रजिस्टरमध्येही तसंच. पुढची पानं गोऱ्यांची, पूर्ण नाव-आडनाव. मागची पानं काळ्यांची, तिथे नुसतं पहिलं नाव आणि शेजारी रकाना, हा कोणाच्या मालकीचा. मग शेरा. वारला, लेटर देऊन दुसरीकडे पाठवलं, मंडळीतून काढलं. का काढलं तर पळून गेला म्हणून! मालकाकडून पळणं हे पाप धरून मंडळीने रीतसर ठराव करून नाव काढलंय. एका बाईला मालक अलाबामाला चालला म्हणून चर्चने लेटर दिलंय की ही विश्वासू बहीण आहे, तिकडच्या मंडळीने हिला सामावून घ्यावं, आणि तिचा नवरा म्हणून लिहिलेला माणूस वेगळ्या मालकाचा, तो त्याच पानावर चार ओळी खाली तसाच. त्याला लेटर नाही. ही ओळ टाइप करताना मी थांबले होते, मला उठून पाणी प्यावं लागलं.

अमेरिकेची यादवी लढाई संपून गुलामगिरी गेल्यावर, १८६५ नंतर, काळे सभासद बाहेर पडले आणि त्यांनी आपलं चर्च उभारलं, आपल्या पास्टरचं. दोन्ही चर्च अजून त्याच गावात आहेत, गाडीने पाच मिनिटांवर, पण पिढ्यानपिढ्या एकमेकांकडे जाणं-येणं नव्हतं. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या इमॅन्युएल या काळ्यांच्या चर्चमध्ये एक गोरा पोरगा बुधवारच्या बायबल स्टडीला लोकांमध्ये बसला आणि मग त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या, त्यानंतर इथले दोन्ही पास्टर एकमेकांना भेटायला लागले. एकत्र प्रार्थना झाल्या, एकत्र जेवणं झाली आणि त्यातूनच हे रजिस्टर स्कॅन करायचं ठरलं.

तर त्या दिवशी इंडेक्समध्ये काय काय घ्यायचं हे ठरवायला दोन्हीकडचे लोक लायब्ररीत आले. गोऱ्या चर्चकडून पास्टर आणि एक डीकन, म्हणजे मंडळीच्या कारभारात पास्टरला मदत करणारा, सत्तरीचा, रिटायर्ड, अतिशय सज्जन माणूस. दुसऱ्या चर्चकडून पास्टर, आणि नातीचा हात धरून आलेली एक आजी. त्यांच्या मंडळीत वयाने आणि प्रार्थनेने मोठ्या बाईला मदर म्हणतात, तशी ही मदर. वय पंच्याऐंशीच्या पुढे, डोक्यावर हॅट, पर्समध्ये स्वतःचं भिंग.

मी स्क्रीनवर नमुन्याचं पान दाखवलं. डीकन बराच वेळ बघत बसला आणि मग म्हणाला की माझी एक विनंती आहे, हा मालकाचा रकाना आपण इंडेक्समध्ये घ्यायला नको. या लोकांना आपण परत एकदा कोणाच्या तरी मालकीचे म्हणून का छापायचं? ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र हा भेद नाही असं पौल गलतीकरांना लिहितो, तर नुसती त्यांची नावं सन्मानाने ठेवू. मनापासून बोलत होता तो, डोळे भरले होते. दोन्ही पास्टरनी मान हलवली. आणि खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं की त्या रकान्यात जे आडनाव सगळ्यात जास्त वेळा आलंय ते त्याचंच आहे, खापरपणजोबांचं.

मदर म्हणाली, "तो रकाना काढलात तर मी माझी माणसं शोधू कुठे?"

हे ज्यांनी वंशावळीचं काम केलंय त्यांना लगेच कळेल. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे, पण त्यात नाव फक्त मालकाचं. खाली वय, स्त्री की पुरुष, रंग, बस्स. दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या कुटुंबांचं नाव सरकारी जनगणनेत पहिल्यांदा येतं ते १८७० साली. त्याच्या मागे जायचं तर भिंत लागते, आणि त्या भिंतीतून पलीकडे जायची वाट जवळजवळ नेहमी मालकाच्या नावावरूनच जाते, कारण त्याचं मृत्युपत्र, खरेदीखत, कर्जाचे कागद, त्यातच गुलामांची नावं लिहिलेली असतात. म्हणजे जे नाव बघून डीकनला लाज वाटत होती तेच नाव मदरला हवं होतं. मी हे सगळं कामाच्या भाषेत, शक्य तितकं नीट समजावून सांगितलं. मदरने फक्त एक भर घातली की तिचं माहेरचं आडनाव तेच आहे, डीकनचं. (आडनाव सारखं म्हणजे त्याच मालकाकडचे असं धरता येत नाही, सुटल्यावर पुष्कळांनी वेगळी आडनावं घेतली, पण शोध सुरू करायला तेवढं पुरतं.)

डीकन काही बोलला नाही. जेवायच्या सुट्टीत तो दिसला नाही, मला वाटलं गेला घरी. दोनच्या सुमाराला एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन परत आला. म्हणाला की हे आईच्या कपाटात होतं, आम्ही कोणाला दाखवत नाही.

आत त्या खापरपणजोबांच्या इस्टेटीची यादी होती, ते वारल्यावर कोर्टासाठी केलेली, १८५० च्या दशकातली. खेचरं, नांगर, पिसांची गादी, मक्याचा साठा, आणि त्याच शाईने त्याच अक्षरात पुढे माणसं. नाव, वय, डॉलर. एका बाईच्या नावापुढे "आणि मूल" एवढंच, दोघांची मिळून एक किंमत. मी पान स्कॅनरखाली ठेवलं, मदर भिंग घेऊन शेजारी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. एक एक नाव ती मोठ्याने वाचत होती आणि एका नावावर येऊन थांबली. तिची आजी तिला लहानपणी एक नाव सांगायची, आपल्या घराण्यातली सगळ्यात जुनी आठवण म्हणून, ते नाव. नातीने लगेच फोनवर १८७० ची नोंद काढली, वयाचा हिशेब जुळत होता. तीच बाई असं मी अजून ठामपणे लिहिणार नाही, अजून कागद लागतील, आणि नाव इथे देत नाही, ते तिच्या घरचं आहे.

डीकन रडायला लागला. मला माफ करा म्हणाला. मदर म्हणाली, "माफीचे ठराव मी पुष्कळ वाचलेत बाळा. तुझ्या चुलत भावांकडे अजून काय आहे ते विचार."

तिने ठराव म्हटलं ते १९९५ चं. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची संघटना, १८४५ साली इथेच, जॉर्जियातल्या ऑगस्टामध्ये, वेगळं निघालं, उत्तरेचे बॅप्टिस्ट गुलाम ठेवणाऱ्याला मिशनरी नेमायला तयार नव्हते म्हणून. दीडशे वर्षांनी त्यांनी अटलांटाच्या अधिवेशनात गुलामगिरीबद्दल माफीचा ठराव केला. तो केला ते चांगलंच झालं, पण मदरच्या बोलण्यावर मला बायबलमधला जक्कय आठवला, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार. मी नगरची. लहानपणी संडे स्कूलला जक्कय म्हणजे उंबराच्या झाडावर चढलेला बुटका माणूस एवढंच डोक्यात राहिलं होतं. पण लूकच्या शुभवर्तमानात नीट वाचलं तर तो येशूसमोर उभा राहून हिशेब सांगतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. मग प्रभू म्हणतो की आज या घराला तारण झालं आहे. मला वाटतं गोऱ्या आणि काळ्या मंडळींमध्ये समेट व्हायचा तर तो असाच होईल, कपाटातलं बाहेर काढून.

हे मी लांबून बोलत नाहीये. माझे पणजोबा महारवाड्यातून मंडळीत आले, नगरला १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनमुळे. त्या मिशनला पाठवणारं बोस्टनचं अमेरिकन बोर्ड आमच्याकडे जात सोडा म्हणत होतं, आणि त्याच वेळी इकडे अमेरिकेत चेरोकी आणि चॉक्टॉ या मूळ रहिवासी लोकांमधल्या त्यांच्या मिशनच्या मंडळ्यांमध्ये गुलाम ठेवणारे सभासद चालत होते. त्या बोटचेपेपणाला कंटाळून १८४६ साली गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती लोकांनी अमेरिकन मिशनरी असोसिएशन वेगळी काढली, ज्यांनी पुढे काळ्यांसाठी फिस्कसारख्या शाळा-कॉलेजं उभी केली. आणि आमच्या मंडळ्यांमध्ये लग्न जमवताना आधीची जात अजूनही हळूच विचारली जाते, हे नगरच्या कोणालाही माहीत आहे. आपल्याकडची कपाटंही बंदच आहेत.

इंडेक्स आता ऑनलाइन आहे. मालकाचा रकाना ठेवलाय, पण शोधल्यावर सगळ्यात आधी त्या माणसाचं नाव येतं, मग नवरा-बायको-मूल जे कळेल ते, आणि मालक शेवटी. काढून टाकलेल्यांची नावं मदरच्या चर्चने आपल्या सभासद यादीत घेतली, पळून गेलेल्यांची आधी. गोऱ्या चर्चमध्ये काही लोक नाराज आहेत, दोन-तीन कुटुंबांनी यायचं बंद केलंय. काळ्या लोकांच्या जुन्या दफनभूमीला कुंपण घालायचा खर्च गोऱ्या चर्चने करावा यावर अजून बोलणी चालू आहेत आणि ती सोपी नाहीत. डीकनच्या एका चुलत भावाकडे जमाखर्चाच्या वह्या आहेत, तो द्यायला तयार नाही. मदर त्याला स्वतः फोन करते, डीकन रविवारी चर्च सुटल्यावर त्याच्या घरी जाऊन बसतो, आणि मी त्या वह्यांसाठी स्कॅनरवर वेळ राखून ठेवलाय.