रिस्टोर केलेली जुनी जीप विकत घेताना: आधी खाली झोपा, मग बोनेट उघडा

महिंद्राची सीजे-३बी किंवा एमएम ५४० 'फुल्ली रिस्टोर्ड, मॉडिफाइड' म्हणून विकायला आली की फोटोत ३१ इंची टायर, विंच आणि चकचकीत रंग दिसतो. गाडीची खरी किंमत ठरते ती चासी, एक्सल आणि आरसीवर. रंग सगळ्यात शेवटी बघायचा.

चासीपासून सुरुवात करा. हातात टॉर्च, छोटी हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर हवा. उजव्या बाजूला स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथला पत्रा, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर आणि मागचा क्रॉस मेंबर या जागा ठोकून बघा. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, गंजलेलं बद्द वाजतं. स्टिअरिंग बॉक्सजवळ वेल्डिंगचे थर दिसले तर तिथे आधी तडा गेलेला असतो. मोठे टायर लावले की तो ताण आणखी वाढतो. टब (जीपची वरची बॉडी) नवा असला तर हरकत नाही. हरयाणातल्या डबवालीसारख्या ठिकाणी जीपच्या बॉड्या आजही बनतात. मात्र नव्या टबखाली कुजलेली चासी असेल तर तो सौदा सोडलेला बरा.

मग पुढचा एक्सल. चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर किंगपिनची (चाक ज्या खिळीवर वळतं तिची) बेअरिंगं गेलीत किंवा शिम, म्हणजे तिथल्या पातळ चकत्या, चुकल्यात. ताशी ५०च्या आसपास खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग जोरात थरथरतं, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. दुसरं कारण म्हणजे गाडी उंच करण्यासाठी लावलेले लांब शॅकल (पाटे चासीला जोडणाऱ्या पट्ट्या). त्यांनी कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, बिघडतो, आणि तो परत आणायला पाट्याखाली पाचर द्यावी लागते. अशा गाडीला नवाकोरा स्टिअरिंग डॅम्पर दिसला तर तो कशासाठी लावला ते विचारा. डॅम्पर थरथर दाबतो, दोष तसाच राहतो.

दोन्ही एक्सलचं गुणोत्तर (एक्सलच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) सारखं आहे ना, हे मी कधीही विक्रेत्याच्या शब्दावर सोडणार नाही. मागचा एक्सल बदलून पुढचा जुनाच ठेवलेल्या जीपा विक्रीला येतात. तपासणी सोपी आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलला घ्या, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक सोडा, कारण सीजे-३बीचा हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असतो. एकच चाक उचला, त्याला बरोबर दोन फेरे द्या (दुसरं चाक स्थिर असल्याने ते एक्सलच्या एका फेऱ्याएवढे) आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. मूळ ५.३८ असेल तर पाचाहून थोडे जास्त, साधारण पाच आणि एक-तृतीयांश भरतील. पुढचं मोजताना हब लॉक करा, म्हणजे चाकं एक्सलला जोडली जातील. आकडे जुळले नाहीत तर फोर बाय फोर टाकताच ट्रान्सफर केस आणि शाफ्टचे क्रॉस (सांधे) एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं.

या आकड्यांमुळेच ही जीप चढते. तीन गिअरच्या टी-९० पेटीचा पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो (जोराचा) गिअर २.४६, एक्सल ५.३८, गुणाकार सुमारे ३७. मूळ ६.००-१६ टायर काढून ३१ इंची लावले की प्रत्यक्षात तो सुमारे ३४वर येतो आणि स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६५ने पळते. हायवेसाठी ४.२७चा एक्सल बसवला असेल तर जुन्या पेटीवर घाटातल्या दगडांत क्लच जळणार. हायवे हवा की दगड, ते आधी ठरवा.

इंजिन बदललं असेल तर ब्रेक बघायलाच हवेत. सीजे-३बीचे ९ इंची ड्रम आणि एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) जुन्या ताकदीपुरते ठीक होते. मोठ्या डिझेल इंजिनासोबत तेच ठेवलेले असतील तर किमान ११ इंची ड्रमचा खर्च किमतीतून वजा करा. पुढे डिस्क बसवल्या असतील तर दहा किलोमीटर चालवून चाकाजवळ हात न्या. चाक फार तापलं असेल तर ड्रमचाच मास्टर सिलिंडर ठेवलेला असू शकतो. त्यातला व्हॉल्व्ह लाइनमध्ये दाब धरून ठेवतो आणि पॅड घासत राहतात.

रेडिएटरसाठी दुपारी एक लांब चढ दुसऱ्या गिअरवर घ्या. फोर बाय फोर मात्र डांबरावर तपासू नका. मातीत उतरा, आणि लो टाकताना गाडी पूर्ण थांबवा.

आता कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल यांमुळे कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल चालत नाही. इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते. आरसीवर पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल असेल तर पुढचं पासिंग अडेल आणि अपघातात विम्याचा दावाही अडचणीत येईल. 'व्हिंटेज नंबर मिळेल' हे आश्वासनही तपासा. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार 'व्हीए' मालिका ५० वर्षांहून जुन्या आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेल्या गाड्यांसाठी आहे. शुल्क २०,००० रुपये, आणि रोजच्या वापराला अशी गाडी चालत नाही. म्हणजे जाहिरातीत 'मॉडिफाइड' आणि 'व्हिंटेज नंबर' एकत्र असतील तर त्यातलं एक खोटं ठरतं.

विक्रेत्याकडे उघड्या चासीचे फोटो, सुट्या भागांची बिलं, इंजिन बदलाची आरटीओची नोंद आणि काढलेले मूळ भाग मागा. चासी नंबर पेन्सिलने कागदावर घासून उतरवून घ्या आणि आरसीशी अक्षरन् अक्षर पडताळा. टोकन त्यानंतर द्या.