दहापैकी किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एखाद्या इंडी किंवा ऑल्टरनेटिव्ह रॉक, म्हणजे रुळलेल्या वाटेबाहेरच्या रॉक अल्बमबद्दल लिहिलं की कुणीतरी हमखास विचारतं, "सगळं वाचलं, पण दहापैकी किती?" शाळेतले सहकारी विचारतात, इथं सोलापुरात सात रस्त्यावर चहाला भेटणारे जुने विद्यार्थी विचारतात. गणिताचा मास्तर असून मी गुण देत नाही, याचं त्यांना नवल वाटतं. मी गणित शिकवतो म्हणूनच देत नाही.

दहावीचे पेपर तपासताना आमच्यापुढं आदर्श उत्तरपत्रिका असते. सूत्राला अर्धा, किमती घातल्या की अर्धा, उत्तराला एक. शाळेत चाचणीचे पेपर वाटल्यावर पोरगं येऊन म्हणतं, "सर, माझे दोन कुठं कापले?" मी बोट ठेवून पायरी दाखवतो. ते नाराज होईल, पण चूक कुठं झाली हे त्याला कळतं. अल्बमची आदर्श उत्तरपत्रिका कुणाकडं असते?

रेडिओहेड या इंग्लिश बँडचा 'किड ए' ऑक्टोबर २००० मध्ये आला. अल्बमची परीक्षणं छापणाऱ्या अमेरिकेतल्या 'पिचफोर्क' या वेबसाइटनं त्याला १०.० दिले. इंग्लंडच्या 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात त्याच अल्बमला पाचांत दीड तारा मिळाला, म्हणजे दहापैकी तीन. बोर्डात एकाच उत्तरपत्रिकेला एकानं दहा आणि दुसऱ्यानं तीन दिले असते, तर ती सरळ मॉडरेटरकडं गेली असती. दोन समीक्षकांचं पटलं नाही यात मला काही वावगं वाटत नाही. गिटार बाजूला ठेवून यंत्रांच्या आवाजाकडं वळलेला तो अल्बम कुणाला मोकळं झाल्यासारखा वाटेल, कुणाला बँडनं पाठ फिरवल्यासारखा. दोन्ही ऐकणं खरं असू शकतं. पण एवढ्या वर्षांनी लोकांच्या तोंडी काय राहिलं? दहा आणि दीड. ते का, हे फार थोड्यांना आठवतं.

पिचफोर्क तर दशांश चिन्हापर्यंत जातं. ७.८ आणि ७.९ यांत काय फरक आहे, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. मोजमापाची हत्यारं जेवढी बारीक, तेवढंच उत्तर बारीक लिहायचं, हे आम्ही नववीच्या पोरांना सांगतो.

आणि शून्य. ट्रॅव्हिस मॉरिसन हा 'डिसमेंबरमेंट प्लॅन' या बँडचा गायक. बँड संपल्यावर २००४ मध्ये त्याचा एकट्याचा अल्बम आला, 'ट्रॅव्हिस्टन'. पिचफोर्कनं ०.० दिले. रातोरात लोकांची आपल्याकडं बघायची नजर बदलली, असं त्यानं नंतर सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी लिझ फेअर या अमेरिकी गायिकेच्या तिच्याच नावाच्या अल्बमलाही शून्य मिळालं होतं. ते लिहिणाऱ्या समीक्षकानं २०१९ मध्ये तिची जाहीर माफी मागितली, आणि २०२१ मध्ये पिचफोर्कनं जुने काही आकडे बदलले तेव्हा त्या शून्याचे सहा झाले. अल्बमातला एक सूरही इकडचा तिकडं झाला नव्हता. माफी मागणाऱ्याबद्दल मला आदर आहे. मात्र मधली अठरा वर्षं तिच्या नावापुढं शून्यच लिहिलेलं होतं.

मी ऐकायला शिकलो ते आकड्यांशिवाय. २००३ च्या सुमारास आम्ही साखर पेठेत राहत होतो. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालकाचे चार माग. दिवसपाळी, रातपाळी, खटक-खटक चालूच. पुण्यात शिकणारा मित्र सीडी राइट करून आणायचा. पाठीवर स्केचपेननं नुसतं बँडचं नाव, बाकी काही नाही. माग चालू असताना ऐकणं अशक्यच. मग लोडशेडिंगची वाट बघायची. लाइट गेली की माग थांबायचे, आणि कानांत जी शांतता भरायची ती ज्याच्या घराखाली माग आहेत त्यालाच माहीत. पेन्सिल सेलवर चालणारा सीडी प्लेअर होता माझ्याकडं. गच्चीवर अंधारात बसायचं, हेडफोन लावायचे.

स्लिंट या बँडचा 'स्पायडरलँड' मी असा ऐकला. अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिलची जेमतेम विशीतली चार पोरं, सहा गाणी, चाळीसएक मिनिटं. अल्बम १९९१ मध्ये बाजारात यायच्या आधीच बँड मोडला होता. हे सगळं मला फार नंतर कळलं. त्या रात्री एवढंच कळलं की गाणारा गात नाहीये, कानाशी बसून काहीतरी सांगतोय. 'नॉस्फेराटू मॅन'मध्ये पाय चारावर पडायला जातो आणि ठेका पाचावर जातो. मी बोटांवर मोजत बसलो होतो. या वळणाच्या संगीताला लोक 'मॅथ रॉक' म्हणतात हे पुढं वाचलं तेव्हा फार आनंद झाला. शेवटचं 'गुड मॉर्निंग, कॅप्टन' सहा मिनिटांहून जास्त वेळ दबक्या आवाजात चालतं आणि मग तोच माणूस ओरडतो. त्या ओरडण्यातच खाली लाइट आली. एकेक करून चारही माग सुरू झाले आणि गाणं त्यांच्याखाली बुडालं. मी हेडफोन काढले नाहीत.

याला किती देऊ? स्टीव्ह अल्बिनी या अमेरिकी संगीतकार-ध्वनिमुद्रकानं १९९१ मध्येच 'मेलडी मेकर'मध्ये या अल्बमला दहा तारे दिले होते, हेही सांगायला हवं. पण त्याच परीक्षणात त्यानं लिहून ठेवलं होतं, की दहा वर्षांत हा अल्बम मैलाचा दगड ठरेल आणि तेव्हा प्रत मिळवायला धावपळ होईल. तारे कुणीही देतं. असं लिहायला आपल्या कानांवर भरवसा लागतो.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी इथल्याच इंजिनीअरिंगच्या चार पोरांनी पाच गाणी रेकॉर्ड केली. त्यातला ड्रम वाजवणारा माझ्या हाताखालून गेलेला. मित्रमंडळींसाठी मी आठ ओळी लिहिल्या आणि खाली आकडा टाकला, दहापैकी चार. आठ ओळी कुणी वाचल्या नाहीत, चार मात्र सगळ्या गावात फिरले. आठवड्यानं तो घरी आला. चिडला नव्हता. चहा घेतला आणि वर्गात विचारायचा तसंच विचारलं, "सर, सहा कुठं गेले?"

मला दाखवता आलं नाही. सहा कुठंच कापले नव्हते. एकदा ऐकलं, मनात चार आलं, लिहून टाकलं.

त्या रात्री ती पाच गाणी मी वही घेऊन पुन्हा ऐकली, दुसऱ्या दिवशीही ऐकली, आणि सगळं नव्यानं लिहून त्याला पाठवलं. कौतुकाचं नव्हतं ते, पहिल्यापेक्षा कडकच होतं. पहिल्या दोन गाण्यांत गायकानं इंग्रजी उच्चार उसने आणलेत, त्यामुळं तो काय म्हणतोय यावर विश्वास बसत नाही. चौथ्यात मराठीत, तेही आपल्या सोलापुरी हेलात, तीन ओळी येतात आणि आवाज एकदम त्याचा स्वतःचा होतो, मग त्या तीनच का? आणि तिसऱ्या गाण्यात २ मिनिटं ४० सेकंदांवर ड्रम थांबतात, गिटार मात्र पुढं चालत राहते, जणू दोघांनी वेगवेगळं गाणं ठरवलंय. ती जागा मी सात-आठ वेळा ऐकली. चूक आहे की मुद्दाम, हे मला ठरवता आलं नाही आणि तसंच लिहिलं. खाली आकडा नव्हता.

गुण नसले म्हणजे मी सौम्य झालो, असं तुम्हाला वाटत असेल तर माझं कुठलंही परीक्षण काढून वाचा. ज्यांच्याकडं वेळ नाही त्यांच्यासाठी पहिल्या दोन ओळींतच सांगतो, ऐका की नका ऐकू. त्याच्या पुढचं सगळं "कुठं" याचं उत्तर असतं, आणि ते लिहायला मला कधी कधी आठवडा लागतो.

त्या पोराचा फोन रात्री दहाला आला. बराच वेळ कुणी बोलेना. मग म्हणाला, "सर, ते दोन-चाळीसचं तुम्हाला कसं कळलं? तिथंच आमचं भांडण झालतं."