सिक्स पाउंडरच्या मागावर ओस्टरबेक: मॉडेल बनवणाऱ्यांसाठी प्रवासवृत्तांत

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश रणगाडाविरोधी तोफ ज्यांना १/३५ किंवा १/७२ या प्रमाणातल्या मॉडेलमध्ये खरीखुरी उतरवायची आहे, त्यांनी एकदा तरी नेदरलँड्समधल्या ओस्टरबेकला जावं. तोफांची संख्याच बघायची असेल तर इंग्लंडमधलं बॉव्हिंग्टन किंवा डक्सफर्डचं संग्रहालय सरस ठरेल. पण तोफ, तिचा ऐन लढाईतला फोटो आणि ती लढली तो रस्ता, हे तिन्ही एका गावात पायी फिरून बघता येतं ते इथे. माझ्या मते मॉडेलसाठी हे तीन साक्षीदार लागतात आणि एकावर भागत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे तिथे काय शोधायचं ते कळेल. सिक्स पाउंडर ही ५७ मिमीची तोफ. १९४० साली डंकर्कच्या माघारीत ब्रिटिशांच्या टू पाउंडर या जुन्या, लहान रणगाडाविरोधी तोफा मोठ्या संख्येने मागे राहिल्या. ती तूट भरून काढायला कारखाने जुनीच तोफ बनवत राहिले आणि सिक्स पाउंडरचं उत्पादन नोव्हेंबर १९४१ पर्यंत लांबलं. लांब नळी कातायला योग्य लेथ पुरेसे नव्हते, म्हणून सुरुवातीच्या मार्क २ या आवृत्तीची नळी ४३ कॅलिबरची (नळीच्या व्यासाच्या ४३ पट), म्हणजे सुमारे २.४५ मीटर राहिली. नंतरच्या मार्क ४ ची नळी ५० कॅलिबरची, सुमारे २.८५ मीटर, आणि तिच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे मागे बसणारा धक्का कमी करणारा भाग. १/३५ मध्ये हा फरक ७० मिमी आणि ८१ मिमी असा पडतो. फूटभर लांबूनही दिसेल एवढा हा फरक आहे, त्यामुळे किट विकत घेण्याआधीच कोणता मार्क हवा ते ठरवा.

१७ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिश पहिली एअरबोर्न (हवाईमार्गे उतरणारी) डिव्हिजन आर्नहेमच्या पश्चिमेला उतरली; ओस्टरबेक त्याच बाजूला आहे. सिक्स पाउंडर आणि ती ओढणारी जीप होर्सा या ग्लायडरमधून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून आली. ग्लायडरच्या पोटात मावावी म्हणून तोफेच्या गाड्याचा मार्क ३ हा खास अवतार बनवला होता. त्याचा आस आखूड आणि मागचे ट्रेल, म्हणजे टेकूचे लांब पाय, दुमडणारे. बाजारातली बरीच किट साध्या पायदळी गाड्याची असतात. टामियाचं जुनं किट त्यातलंच. एअरबोर्न गाडा जीपसकट हवा असेल तर ब्रॉन्कोचं किट बघा.

जायचं कसं? आइंडहोव्हनच्या आसपास आता मराठी इंजिनिअर मंडळी बरीच आहेत. त्यांच्यासाठी ही एका दिवसाची सहल आहे, आणि आइंडहोव्हन स्वतःही मार्केट गार्डनच्या, म्हणजे ही डिव्हिजन ज्या मोहिमेत उतरली तिच्या वाटेवरचं शहर. भारतातून येणाऱ्यांनी स्किपोल विमानतळावरून आर्नहेम गाठावं. तिथून ओस्टरबेकला लोकल गाडी आहे, आणि वागेनिंगेनच्या बाजूला जाणारी बस थेट गावातून जाते. तिकीट काढायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टॅप करून चढता येतं. उतरताना पुन्हा टॅप करायला मात्र विसरू नका. मंडळी यात हमखास फसतात आणि पैसे जास्त कापले जातात. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तिथे एअरबोर्न वॉक असतो आणि हजारो लोक येतात. वातावरण भारावून टाकणारं असतं, पण तोफेभोवती निवांत फिरून मोजमाप घ्यायचं असेल तर तो दिवस टाळा.

संग्रहालय आहे हार्टेनस्टाइन या जुन्या हॉटेलच्या इमारतीत. लढाईत जनरल अर्कहार्ट यांचं डिव्हिजनचं मुख्यालय इथेच होतं. बाहेर हिरवळीवर शर्मन रणगाडा आणि सेव्हन्टीन पाउंडर उभी आहे. सेव्हन्टीन पाउंडर ७६.२ मिमीची, वजन सुमारे तीन टन. होर्सात ती मावणं शक्यच नव्हतं, तिला हॅमिलकार हे अवाढव्य ग्लायडर लागलं. तिची ढाल बाजूने वाकून बघा. एकावर एक नाही, तर मध्ये मोकळी जागा ठेवून बसवलेले दोन पत्रे आहेत. मॉडेलमध्ये ती फट दिसलीच पाहिजे.

सिक्स पाउंडर आतल्या मांडणीत बघायला मिळते. उजेड कमी असतो, म्हणून बाहेरच्या तोफेचे फोटो कोणत्याही मोबाइलने निघतील, पण आत मंद प्रकाशात चालणारा कॅमेरा हवा. ट्रायपॉड आणि फ्लॅश चालतो का, ते तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. कशासाठी मोजतो आहोत हे नीट सांगितलं की तिथली माणसं आपुलकीने बोलतात.

पहिली नजर जाऊ दे ब्रीचकडे, म्हणजे गोळा भरायच्या मागच्या भागाकडे. ब्रीचच्या पोलादावर मार्क, साल आणि क्रमांक ठोकलेले असतात. वरून रंगाचे थर चढलेत, त्यामुळे समोरून अक्षरं वाचता येत नाहीत. टॉर्च एका बाजूला, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरली की सावल्या पडतात आणि आकडे उठून दिसतात. हे वाचल्याशिवाय कुठल्याही संग्रहालयातल्या पाटीवर विसंबू नका. अमेरिकेने हीच तोफ ५७ मिमी एम १ म्हणून बनवली, आणि युरोपात अनेक ठिकाणी ब्रिटिश म्हणून ठेवलेली तोफ प्रत्यक्षात अमेरिकन असते. तिची नळी पहिल्यापासून ५० कॅलिबरची, पण मझल ब्रेक नाही.

मग डाव्या बाजूला या. नेम धरणारा गनर तिथे बसायचा आणि खांद्याने रेटून तोफ डावीउजवीकडे वळवायचा. दोन्ही बाजूंना पंचेचाळीस-पंचेचाळीस अंश. तो खांद्याचा आधार आणि ढालीतली नेमाची खिडकी यांचं एकमेकांपासूनचं अंतर किटमध्ये बहुतेक वेळा गडबडलेलं असतं. गनरची आकृती बसवताना डोकं खिडकीसमोर येत नाही ते यामुळे. ही दोन अंतरं मी वहीत आधी टिपतो, बाकीचं नंतर.

ढालीची कडही बघा. किटमधली ढाल १ मिमी जाड असेल, तर १/३५ च्या हिशोबाने ते ३५ मिमीचं चिलखत झालं. खऱ्या तोफेची ढाल काही मिलिमीटरची. कडा आतून घासून पातळ करा, किंवा सरळ पितळेच्या पत्र्यातून नवी कापा. एवढ्या एका कामाने मॉडेलचा चेहरा बदलतो.

फोटो काढताना लांब उभं राहून झूम वापरा. जवळून वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत चाक फुगतं आणि नळी निमुळती होते, त्यावरून माप निघत नाही. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची दहा-दहा सेंटिमीटरची काठी शेजारी धरायला सोबत कोणी असेल तर फार सोयीचं. हात लावू नका, चढू नका. ढगाळ दिवस मिळाला तर नशीब समजा, सावल्या आड येत नाहीत.

आता दुसरा साक्षीदार, फोटो. निघण्याआधी लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमचा बीयू ११०९ हा फोटो मोठ्या आकारात छापून सोबत घ्या. २० सप्टेंबर १९४४, बॉर्डर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनची सिक्स पाउंडर ओस्टरबेकमध्ये डागली जात आहे. समोर लक्ष्य होतं फ्रेंचांकडून काबीज केलेला शार बी रणगाडा, जर्मनांनी ज्वालाफेक्या केलेला, आणि तो या तोफेने निकामी केला. संग्रहालयातली तोफ स्वच्छ उभी असते. फोटोत तोफ झाडोऱ्यात दडलेली आणि माणसं तिला बिलगून आहेत. तोफ आणि फोटो यांत फरक दिसला तर मी तारीखवार फोटोचं ऐकतो. तोफेची चाकं, टायर, नेमाची दुर्बीण, हे सगळं युद्धानंतर बदललेलं असू शकतं.

रंगाच्या बाबतीत तर संग्रहालयातल्या तोफेवर मुळीच जाऊ नका. युद्धानंतर ब्रिटिश सैन्याने चकचकीत गडद हिरवा वापरला आणि आज उभ्या असलेल्या बऱ्याच तोफांवर त्याचाच वारसा आहे. १९४४ च्या वसंतापासून अधिकृत रंग होता एससीसी १५, म्हणजे ब्रिटिश ऑलिव्ह ड्रॅब. त्याआधीचा एससीसी २ हा तपकिरी. जुनी सामग्री लगेच पुन्हा रंगवली जात नसे, त्यामुळे आर्नहेमची तोफ तपकिरी रंगवली तरी ते चूक म्हणता येणार नाही.

तिसरा साक्षीदार जमीन. हार्टेनस्टाइनवरून खाली ऱ्हाईनच्या दिशेने चालत जा. हॉलंडमध्ये उतार असतो हे इथेच कळतं, परतीच्या चढाचा हिशोब ठेवा. खाली बेनेडेनडॉर्प्सवेग हा रस्ता, जुनं चर्च, आणि पुढे अकासियालानचा तिठा. २० सप्टेंबरला या तिठ्यावर साउथ स्टॅफर्डशायर रेजिमेंटचे लान्स सार्जंट जॉन बास्कीफील्ड यांनी सिक्स पाउंडर चालवत चाल करून येणारी चिलखती वाहनं थोपवली. प्रत्येक रणगाडा शंभर यार्डांच्या आत येईपर्यंत ते थांबले, मगच गोळा सोडला. साथीदार मेले किंवा जखमी झाले, पाय जबर जखमी झाला, तरी ते तोफ सोडून गेले नाहीत. पुढचा हल्ला त्यांनी एकट्याने झेलला, आणि आपली तोफ निकामी झाल्यावर रांगत दुसऱ्या तोफेपाशी गेले. तिथेच त्यांना मरण आलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या देहाची ओळख कधीच पटली नाही, नाव ग्रुसबेकच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

त्या तिठ्यावर उभं राहून शंभर यार्ड पावलांनी मोजा. समोरच्या घराची खिडकी स्पष्ट दिसते एवढं ते अंतर आहे. डायोरामात (मॉडेलच्या देखाव्यात) तोफ आणि रणगाडा जवळजवळ ठेवायला संकोच वाटतो, तो इथे संपतो. व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तिपत्रात टायगर रणगाडे म्हटलं आहे, पण ब्रिटिश सैनिक त्या काळी जर्मन चिलखती वाहनांना सर्रास टायगर म्हणत, आणि ओस्टरबेकभोवती जर्मनांच्या २८० व्या ब्रिगेडच्या स्टुर्मगेशुट्झ, म्हणजे फिरता बुरूज नसलेल्या चिलखती तोफा, लढत होत्या. समोर टायगर ठेवण्याआधी याचा विचार करा. वेळ असेल तर स्टेशनच्या उत्तरेला युद्धस्मशान आहे, तिथे जाऊनच गाडी पकडा.

दुसरा दिवस हाताशी असेल तर ओव्हरलूनचं युद्ध संग्रहालय. वाहनांचा संग्रह प्रचंड आहे आणि तिथल्याच लढाईत पडलेला जर्मन पँथर रणगाडा बघायला मिळतो. सार्वजनिक वाहतूक मात्र अवघड, गाडी असेल तरच जा. कागदपत्रांसाठी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १७१ या मालिकेत युनिटांच्या युद्धनोंदवह्या आहेत. वाचक म्हणून नोंदणी आधी करावी लागते.

आपल्याकडच्यांना एक विषय सुचवतो, जो कोणी फारसा बनवत नाही. इटलीत आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर ४ थी मराठा अँटी-टँक रेजिमेंट लढली. मॉडेलच्या पाटीवर हे नाव यायलाच हवं. त्यासाठी एअरबोर्न गाडा चालणार नाही, साधा पायदळी गाडा घ्या. आणि युरोपला जाणं जमत नसेल, तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा. तिथे जर्मन ८८ मिमीची तोफ आहे, जी सिक्स पाउंडरच्या शेजारी मनात उभी केली की दोघींच्या उंचीतला फरक कळतो. लष्करी जागा आहे, ओळखपत्र सोबत ठेवा आणि कॅमेऱ्याची परवानगी दारातच घ्या. उघड्यावरच्या तोफा दुपारच्या उन्हात अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या येतात, म्हणून सकाळी दार उघडताच आत शिरा.