पाणीवाल्या बाईंचा दुसरा लढा

समाजवादी नेत्या आणि माजी आमदार मृणाल गोरे १७ जुलै २०१२ रोजी गेल्या. त्यांचा विषय निघाला की आमच्या घरात आजही आधी पाणी आठवते, कारण गोरेगावात नळासाठी रात्री जागवलेल्या माझ्या आजीच्या लेखी त्या कायमच ‘पाणीवाली बाई’ होत्या आणि महागाईविरोधातील लाटणे मोर्चात आपणही गेलो होतो, हे ती शेवटपर्यंत सांगत असे. बिरुद प्रेमाचे आहे. मात्र त्यामुळे त्यांचे विधानसभेतील एक मोठे काम झाकोळले गेले, असे मला वाटत आले आहे.

ऐंशीच्या दशकात गर्भजल परीक्षा मुंबईत सर्रास होऊ लागली होती. गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी आलेली ही चाचणी मुलगी असल्यास गर्भ पाडण्यासाठी वापरली जाई, आणि आज थोडा खर्च करून उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे होत असत. १९८७ मध्ये माझी आई दुसऱ्यांदा गरोदर असताना नात्यातील एकांनी “एकदा बघून घ्या” असे सुचवले होते. काय बघायचे, हे कोणाला विचारावे लागले नाही. आजीने त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

या चाचणीविरुद्ध मुंबईतील स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते एकत्र आले होते. त्यांची मागणी सभागृहात नेणारे अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचे विधेयक, मृणालताईंनी १९८६ मध्ये मांडले. विरोधी बाकांवरून आलेले असे विधेयक बहुधा चर्चेपुरतेच उरते, हे त्यांच्यासारख्या मुरलेल्या लोकप्रतिनिधीला ठाऊक नसणे शक्य नव्हते. पण त्या निमित्ताने सरकारला भूमिका घेणे भाग पडले. त्याच सुमारास शासनासाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी केलेल्या पाहणीत मुंबईतील ५० पैकी ४२ स्त्रीरोगतज्ज्ञ लिंगनिदानासाठी ही चाचणी करत असल्याचे आढळले. (स्वतः मृणालताई वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या होत्या, या लढ्यात त्यांची गाठ पुन्हा डॉक्टरी व्यवसायाशीच पडली.) अखेर १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. लिंगनिदानाविरुद्धचा हा देशातील पहिला कायदा, आणि केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ मध्ये आला.

राज्याच्या कायद्यात मात्र कार्यकर्त्यांनी मागितलेले सारे उतरले नाही. व्यंग ओळखण्यासाठीच्या या चाचण्या फक्त सरकारी रुग्णालयांतच व्हाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. कायद्याने खासगी केंद्रांनाही परवाना घेऊन काम करण्याची मुभा दिली, आणि माझ्या मते पुढची बरीचशी पळवाट तिथेच निघाली. केंद्राच्या कायद्याची अंमलबजावणीही इतकी ढिली राहिली की २००० मध्ये आरोग्य व स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या ‘सेहत’ व ‘मासूम’ या संस्थांना आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही बंदीच्या कक्षेत आली.

तरीही राज्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे असलेल्या मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेतील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. त्या जनगणनेचे प्राथमिक आकडे जाहीर झाले तेव्हा मृणालताई हयात होत्या.