छत एक, मीटर सहा: विस्थापितांच्या ऊर्जा-फेलोशिपचा अर्ज

ऊर्जा-संशोधनाच्या फेलोशिपच्या जाहिरातीत ‘विस्थापित’ हा शब्द दिसला की नवी मुंबईत ऐरोलीपासून उलव्यापर्यंत लगेच प्रकल्पग्रस्त दाखल्याची झेरॉक्स बाहेर निघते. जरा थांबा. आधी तिथे त्या शब्दाची व्याख्या काय दिली आहे ते वाचा.

संशोधकांसाठीच्या बऱ्याच जुन्या योजना युद्धामुळे किंवा छळामुळे देश सोडावा लागलेल्यांसाठी आहेत. ब्रिटनमधली ‘कारा’ 1933 साली सुरू झाली, नाझी राजवटीत नोकऱ्या गेलेल्या प्राध्यापकांसाठी. जर्मनीत हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची फिलिप श्वार्ट्झ योजना 2015 पासून आहे, फ्रान्समधली ‘पॉझ’ 2017 पासून. या दोन्हींत उमेदवार स्वतः अर्जच करत नाही, त्याला घेणारं विद्यापीठ करतं. शेती सिडकोकडे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीकडे, गेली म्हणून आपण यांत बसत नाही, आणि ओढूनताणून बसवायलाही जाऊ नये. ती जागा काबूलहून किंवा खार्तूमहून निघालेल्या माणसाची आहे.

काही जाहिरातींत मात्र ‘देशांतर्गत विस्थापित’ असं लिहिलेलं असतं. अशा विस्थापितांविषयी संयुक्त राष्ट्रांची 1998 सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यातल्या व्याख्येत संघर्ष, हिंसा, आपत्ती यांचा उल्लेख आहे. मोठ्या विकास प्रकल्पांचा उल्लेख पुढे सहाव्या तत्त्वात येतो, तोही सबळ सार्वजनिक हित नसताना लोकांना उठवलं असेल तर. म्हणजे दार बंद नाही, पण सताड उघडंही नाही. अशा वेळी अर्ज भरण्याआधी आयोजकांना दोन ओळींचा मेल टाका आणि आपली परिस्थिती नेमकी सांगा. नवी मुंबईच्या 95 गावांतली बहुतेक गावठाणं जागेवरच राहिली, गेली ती भातशेती, मिठागरं आणि खाडीवरचा धंदा. विमानतळासाठीची 10 गावं मात्र घरांसकट उठली. ही दोन प्रकरणं वेगळी आहेत. पहिल्यातल्या माणसानं ‘माझं घर गेलं’ लिहिलं आणि पत्ता त्याच गावचा निघाला, तर पुढचं कोणी वाचत नाही.

कागदांत अडचण येते ती नावांची. जुन्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव, एवढंच असतं. आडनाव नसतं. पासपोर्टवर मात्र म्हात्रे, भोईर, पाटील. परीक्षकाच्या नजरेत ही दोन अनोळखी माणसं. ही साखळी जोडायला वारस नोंदीचा फेरफार लागतो, शिवाय भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत आणि असल्यास साडेबारा टक्के योजनेचं, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या विकसित भूखंडाचं, वाटपपत्र. (विमानतळवाल्यांचं साडेबावीस टक्क्यांचं.) इंग्रजी भाषांतर करून घेताना नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवायला सांगा, नाहीतर भाषांतरकार आपल्या मनाचं घालतो आणि एकाच माणसाची तीन नावं होतात. जुने उतारे आणि फेरफार हातात यायला वेळ लागतो. अर्जाच्या मुदतीआधी दोन महिने या कामाला लागा.

विस्थापनाची कहाणी एका परिच्छेदात उरकावी: साल, गाव, क्षेत्र, काय गेलं, काय मिळालं. जमिनीच्या मोबदल्यासाठीचं 1984 चं जासई आंदोलन आपल्यासाठी कितीही मोठं असलं तरी ते प्रस्तावाची तीन पानं खाऊ लागलं की संशोधनाला जागा उरत नाही. पैसे दुःखाला मिळत नाहीत, प्रश्नाला मिळतात. आणि प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर मोजता येईल आणि जे मोजायला बाहेरच्या माणसाला गच्चीवर कोणी चढू देणार नाही.

‘नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्तांवर हवामानबदलाचा परिणाम’ हा विषय नव्हे, ते परिसंवादाचं नाव झालं. त्याऐवजी हे पाहा: एका गावठाणातल्या 40 इमारतींपैकी किती छतांवर 3 किलोवॅट सौर पॅनल बसतील, आणि त्यांपैकी किती ठिकाणी छताचा मालक आणि मीटरवरचं नाव एकच आहे?

प्रश्नाचं मूळ योजनेच्या रचनेत आहे. घरांच्या छतावर सौर पॅनल बसवण्यासाठीची केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. घरगुती ग्राहकाला 1 किलोवॅटला 30,000 रुपये, 2 ला 60,000, आणि 3 किंवा त्याहून जास्तला 78,000 अनुदान. गृहनिर्माण संस्थेला सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे 18,000. सिडकोनं वसवलेल्या नोडमधल्या सोसायटीला हे सरळ आहे. गावठाणात गरजेपोटी (कुटुंब वाढलं म्हणून, परवानगीविना) बांधलेलं तळमजला अधिक तीनचं घर घ्या: जमीन आजोबांच्या नावावर, वर चार भाऊ, दोन भाडेकरू, जिन्याखाली सहा मीटर ओळीत आणि डोक्यावर छत एकच. नोंदणीकृत संस्था नाही, एकट्याच्या मालकीचं छतही नाही. ते दोन्ही खणांच्या मधल्या फटीत पडतं. अशी घरं किती, हा आकडा तुम्ही द्यायचा.

इमारती निवडताना ओळखीच्या घरांपासून सुरुवात करू नका. गावठाणाच्या नकाशावर सगळ्या इमारतींना क्रमांक द्या. 200 असतील तर 1 ते 5 मधली एक चिठ्ठी उचला आणि तिथून पुढे दर पाचवी घ्या. गच्चीला कुलूप असेल किंवा मालक नाही म्हणाला तर ‘बंद’, ‘नकार’ अशी नोंद करा. गुपचूप शेजारची इमारत घेतली की नमुना बिघडला, आणि तो बिघडलाय हे नंतर कोणाला कळतही नाही.

गच्चीवर लांबी-रुंदी टेपनं घ्या. 3 किलोवॅटला सावली नसलेली साधारण 300 चौरस फूट जागा लागते. 540 वॅटचं पॅनल सव्वादोन मीटरहून किंचित लांब आणि सव्वा मीटरहून कमी रुंद असतं, अशी सहा बसवायची. खरा घोळ सावलीचा. मे महिन्यात पाहणी केली तर सूर्य डोक्यावर असतो आणि सगळी गच्ची मोकळी वाटते. हिशेब 21 डिसेंबरचा करायचा. आपल्या अक्षांशावर त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य जेमतेम साडेसत्तेचाळीस अंश वर येतो. गच्चीपासून दोन मीटर उंच असलेल्या पाण्याच्या टाकीची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे 1.8 मीटर पडते. मध्यान्हीच्या तीन तास आधी तीच सावली वायव्येकडे 3.6 मीटर लांब असते. ही मध्यान्ह घड्याळात बाराला येत नाही. आपली वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि आपण त्र्याहत्तरच्या आसपास, म्हणून ती बारा पस्तीसच्या आसपास होते. तेव्हा प्रत्येक गच्चीवर डिसेंबरची वाट बघत बसायचं नाही. टाकी, कठडा, जिन्याची खोली आणि शेजारची इमारत यांची उंची आणि अंतर घ्या, सावली गणितानं काढा.

एक रकाना हमखास राहतो: छताचा आजचा वापर. आगरी-कोळी घरात गच्ची म्हणजे बोंबील, सुकट वाळवायची जागा, शिवाय पापड, आणि पावसाळ्यासाठी उभी केलेली पत्र्याची शेड. तिथे पॅनल बसलं की वाळवण कुठे जाणार, हे घरातल्या बाईला विचारा. पुरुष ‘गच्ची रिकामीच आहे’ म्हणून मोकळा होतो.

वीजबिलं बारा महिन्यांची घ्या, रुपये नकोत, युनिट लिहा. ‘सरासरी’ म्हणून आलेलं बिल वेगळं खूण करून ठेवा, ते रीडिंग नव्हे. मीटर म्हणजे कुटुंब, असंही धरू नका. 100 युनिटपर्यंतचा दर स्वस्त असल्यानं एकाच घरात दोन मीटर असू शकतात. दोन्ही मिळून 190 युनिट वापरणारं घर तुमच्या तक्त्यात 95-95 ची दोन गरीब कुटुंबं म्हणून उतरलं, तर निष्कर्ष उलटा येईल. नवी मुंबईत बिल महावितरणचं. कळवा-मुंब्रा-शीळ घेणार असाल तर तिथे 2020 पासून टोरंट ही खासगी कंपनी आहे, परवानगीचं पत्र वेगळं लागेल. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक तक्त्यात ठेवू नका. प्रत्येक घराला सांकेतिक क्रमांक द्या, जुळणीची यादी वेगळ्या वहीत. संमतीपत्र मराठीतच करा आणि वाचून दाखवा.

निर्मितीचा अंदाज वर्षाच्या सरासरीनं किलोवॅटमागे दिवसाला 4 युनिटच्या आसपास धरतात. जुलैत तो बराच खाली येतो, म्हणून महिनावार तक्ता करा. वार्षिक सरासरी मे महिन्याच्या बिलाशी ताडून पाहणं ही प्रस्तावांत सर्रास होणारी चूक.

वेळेचं म्हणाल तर दोन माणसांना दिवसाला चार गच्च्या जमतात. 40 गच्च्यांना दहा दिवस होतात, पण प्रस्तावात वीस लिहा. लग्नसराई, हळदी आणि कुलुपं यांत उरलेले दहा जातात.

यजमान संस्थेचं पत्र सहा-आठ आठवडे आधी मागा. त्यात मार्गदर्शकाचं नाव, तारखा, बसायची जागा आणि हिशेब कोण ठेवणार हे हवं. ‘उमेदवार होतकरू आहे’ याला वजन नसतं. परदेशी पैसा भारतातल्या संस्थेच्या खात्यात येणार असेल तर तिची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आहे का, ते आधी विचारा. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही. गावातल्या मंडळाला ‘उपअनुदान’ दाखवलेलं अंदाजपत्रक त्यामुळे तिथेच अडकतं. त्याऐवजी क्षेत्र-सहायकांचं मानधन यजमान संस्थेकडूनच थेट दाखवा.

शेवटची मुदत कुठल्या घड्याळाची, तेही बघा. हिवाळ्यात जर्मनीचे रात्रीचे 11:59 म्हणजे आपले पहाटेचे 4:29, उन्हाळ्यात 3:29. ‘पृथ्वीवर कुठेही’ असं लिहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5:29 पर्यंत वेळ असतो. मुदतीच्या शेवटच्या तासात पोर्टल रांगतं आणि मोबाइलनं स्कॅन केलेला निवाडा फाइलच्या मर्यादेबाहेर जातो. स्कॅन ग्रेस्केलमध्ये, 200 डीपीआयवर करा, आणि फाइल आदल्या दुपारीच चढवून उघडून बघा. निवाड्यातले गट क्रमांक वाचता आले पाहिजेत.