आमची वाटचाल: माल आला हे सांगायचा धंदा

आमचं काम अगदी थोडक्यात सांगायचं तर असंय, की तुम्हाला हवी असलेली वस्तू एखाद्या साईटवर संपलेली असेल तर ती परत आली रे आली की तुमच्या मोबाईलवर मेसेज येतो. एवढंच. माल आमचा नाही, गोडाऊन नाही, डिलिव्हरीवाली पोरं नाहीत. धायरीत दोन खोल्यांचं ऑफिस, मी आणि माझा चुलतभाऊ पार्टनर, सपोर्टला वहिनी आणि कोडिंगला दोन पोरं. त्याच्या आधी आम्ही वेबसाईट बनवून द्यायचो, मंगल कार्यालय, मसालेवाले, टूरवाले, म्हणजे लॉकडाऊन लागल्यावर ज्यांचं सगळ्यात आधी बंद पडलं ती सगळी आमचीच गिऱ्हाईकं.

सुरुवात लसीपासून झाली. २०२१ चा एप्रिल-मे आठवतोय ना, १ मे पासून १८ ते ४४ वाल्यांना लस खुली झाली, २८ एप्रिलला दुपारी ४ वाजता नोंदणी उघडली आणि नंतर सगळा महाराष्ट्र कोविनवर, म्हणजे लसीच्या नोंदणीच्या सरकारी साईटवर, रिफ्रेश मारत बसलेला. सरकारने स्लॉटची माहिती वाचायला एपीआय, म्हणजे प्रोग्रामला थेट माहिती देणारी खिडकी, खुला ठेवलेला, जिल्ह्याचा नंबर आणि तारीख टाकली की पुढच्या सात दिवसांची केंद्रं, वयोगट आणि शिल्लक डोस सगळं एका झटक्यात यायचं. पुण्याचा नंबर ३६३, तो आजही झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. एका आयपीवरून, म्हणजे एका इंटरनेट पत्त्यावरून, पाच मिनिटांत १०० वेळाच विचारता यायचं, त्यामुळे कोड कसा जपून लिहायचा हे तिथेच शिकलो. भावाने रात्रीत टेलिग्रामचा बॉट, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारा प्रोग्राम, बनवला, आधी घरच्यांसाठी, मग सोसायटीसाठी, मग सोसायटीतल्यांच्या साडू-मेहुण्यांसाठी, आणि बघता बघता तो आमच्या हातातून सुटून गावभर झाला. शहरात स्लॉट मिळेना म्हणून लोकं भोर-मुळशीकडे गाड्या काढून निघाली, त्यावरून गावकऱ्यांची चिडचिडही झाली आणि त्यांची चूक नव्हती, त्यांच्या दारातली लस शहरवाले अलर्ट बघून घेऊन जात होते. हे लक्षात राहिलं, पुढे उपयोगी पडलं.

त्याचे पैसे घेतले नाहीत, घ्यायचा प्रश्नच नव्हता. पण लोकांना एकदा सवय लागली. लस झाली, आता माझ्या पोराला पीएस५, म्हणजे सोनीचा गेमिंग कन्सोल, हवाय त्याचं काही करा की. तो भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना, आणि प्री-बुकिंग जानेवारीत काही मिनिटांत संपलेलं, नंतर मधूनमधून थोडे थोडे यायचे आणि लगेच गायब. मग लक्षात आलं की इथे रोजचं काम आहे. मग हॉट व्हील्सवाले, म्हणजे खेळण्यातल्या छोट्या गाड्या जमवणारे, आले. बाहेरच्यांना कळायचं नाही पण हे एक वेगळंच जग आहे बरं का, चाळिशीतली बापे माणसं शे-दोनशे रुपयांच्या गाडीसाठी रात्री साईटवर टपून बसतात, आणि त्यातली ट्रेझर हंट, म्हणजे क्वचितच हाती लागणारी गाडी, मिळाली तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवतात. त्यांच्यापाठोपाठ जिमवाले. अमूलचं ताक येतं ना, २०० मिलीला १५ ग्रॅम प्रोटीन वालं, ते आणि लस्सी आणि व्हे प्रोटीनची पावडर, यांची मागणी इतकी की अमूलच्या साईटवर बऱ्याचदा सोल्ड आऊटच दिसायचं, आणि तिथे स्टॉक पिनकोडप्रमाणे बदलतो, म्हणजे एकाला दिसतंय ते दुसऱ्याला दिसेलच असं नाही.

आता हे चालतं कसं ते सांगतो कारण लोकांना वाटतं काहीतरी हॅकिंग आहे. काही नाही हो. प्रॉडक्टचं पान ठराविक वेळाने वाचायचं. बऱ्याच साईटच्या पानात गूगलसाठी म्हणून एक तुकडा लिहिलेला असतो, त्यात इनस्टॉक की आऊटऑफस्टॉक हे सरळ असतं. शॉपिफाय या दुकानं बनवायच्या तयार सेवेवर बनवलेल्या दुकानांचं तर अजून सोपं, प्रॉडक्टच्या लिंकच्या शेवटी डॉट जेएस लावलं की साईज-रंगाप्रमाणे कुठलं शिल्लक आहे ते आहे-नाही अशा स्वरूपात येतं. गंमत तिथे होते जिथे पानावर एक लिहिलंय आणि आत दुसरं. बटण दिसतं अ‍ॅड टू कार्टचं पण पिनकोड टाकला की नाही म्हणतं. असा एक खोटा अलर्ट गेला ना की माणूस दुसऱ्यांदा मेसेज उघडतच नाही, म्हणून आम्ही एकदा माल आला दिसलं की काही सेकंदांनी परत तपासतो आणि मगच पाठवतो. त्या काही सेकंदांवरून आमच्यात भांडणं झालीत, भावाचं म्हणणं उशीर झाला तर अलर्टचा उपयोग काय, माझं म्हणणं खोटा अलर्ट उशिरा आलेल्यापेक्षा वाईट. माझं चाललं. जी साईट स्पष्ट नको म्हणते तिथे जात नाही, आणि जिथे जातो तिथे सर्व्हरला धापा लागतील इतक्या वेळा विचारत नाही, आमच्यामुळे कोणाची साईट झोपली तर धंदाच बसला.

लॉन्च म्हणाल तर फार वाजतगाजत नव्हता. ऑफिसात सत्यनारायण घातला, उद्यम नोंदणी केली (छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ती फुकट असते, एजंटला पैसे देऊ नका), ट्रेडमार्कचा अर्ज टाकला, छोट्या धंद्याला ऑनलाइन ४,५०० रुपये लागतात तो, आणि क्रोम ब्राउझरला जोडायचं एक्स्टेंशन टाकलं, त्याला डेव्हलपर म्हणून एकदाच पाच डॉलर. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत ठेवलं. एसएमएस नको असं आधीच ठरलं, धंद्याच्या एसएमएससाठी लागणारं डीएलटीचं रजिस्ट्रेशन, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, टेम्प्लेट म्हणजे मेसेजचा मजकूर, त्यांची मंजुरी हे सगळं करेपर्यंत ताक संपून जायचं.

खरी कसोटी प्रमोशनची. हे कोणी सांगितलं नव्हतं आधी, आणि हा भाग जरा सविस्तर लिहितोय कारण असलंच काहीतरी सुरू करायचं डोक्यात असणारी बरीच पोरं मला फोन करतात.

एरवी धंदा वाढतो कसा, तर गिऱ्हाईक खूश झालं की चार जणांना सांगतं. आमचं गिऱ्हाईक खूश झालं की गप्प बसतं! हॉट व्हील्सवाल्याला अलर्टमुळे गाडी मिळाली, तो ते दुसऱ्या कलेक्टरला सांगेल का? मुळीच नाही. सांगितलं तर पुढची गाडी तो दुसरा घेऊन जाणार. आम्ही रेफरल स्कीम काढलेली, मित्राला आणा आणि एक महिना फुकट, ती कलेक्टर लोकांत अजिबात हलली नाही. एकाने तर वहिनीला मेसेज केला, "ताई, मी अजून एका वर्षाचे पैसे भरतो पण तुम्ही आमच्या ग्रुपवर जाहिरात करू नका." वहिनीने तो स्क्रीनशॉट ऑफिसात दाखवला तेव्हा सगळे हसले, पण माझ्या पोटात गोळा आला, कारण तो बोलतोय ते बरोबरच होतं. साईटवर वीस नग आले आणि अलर्ट तीन हजार लोकांना गेला तर त्यातल्या बहुतेकांना आपण फक्त चिडवतोय. त्यात टेलिग्रामचा बॉट सेकंदाला साधारण ३० मेसेज टाकू शकतो, म्हणजे तीन हजार जणांत शेवटच्याला मेसेज जाईपर्यंत शंभर सेकंद गेले, आणि तोपर्यंत माल गुल. यादीत वरचा कायम वरच राहिला तर बाकीच्यांनी पैसे कशाला द्यायचे? म्हणून आम्ही दर वेळी यादी पिसतो, आज तू आधी, उद्या तो आधी.

सल्ला देणारे म्हणायचे इन्स्टावर इन्फ्लुएन्सर पकडा, रील्स करा, पैसे ओता. एकदा केलंही, पोरं धबाधबा आली, नंतर जिथे नग कमी तिथे सगळ्यांनीच शिव्या घातल्या. लसीच्या वेळी भोर-मुळशीत झालेलं तेच, फक्त इथे गाड्या खेळण्यातल्या. तेव्हा ठरलं की एका वस्तूला, एका पिनकोडला, ठराविक माणसंच घ्यायची, भरलं की हाऊसफुल्ल. त्यावर लोकांनी काय मागावं, तर जागा रिकामी झाली की कळवा! म्हणजे आमच्या अलर्टचा अलर्ट. तोही दिला.

त्याने जाहिरातीची दिशाच बदलली. मोठा आवाज करायचा नाही, जिथे एकाचं मिळणं दुसऱ्याच्या आड येत नाही तिथे बोलायचं. बुटांच्या साईज घ्या, १२ नंबरवाल्याला ६ नंबरवालीशी स्पर्धाच नाही, तो बिनधास्त सांगतो. जिमवाले तर आमचे सगळ्यात चांगले प्रचारक निघाले, ताकाचा लॉट आला की ३० चे पॅक बऱ्यापैकी असतात, आणि जिममध्ये एकमेकांना सांगायची सवयच असते. सिंहगड रोडवरच्या दोन-तीन जिममध्ये आरशाशेजारी क्यूआरचा कागद चिकटवला, ट्रेनरला फुकट वापरायला दिलं, यापेक्षा स्वस्तातली जाहिरात आम्ही आजवर केली नाही.

मग साडीवाल्या बायका. हे आम्हाला सुचलेलं नाही, वहिनीच्या भिशीतून आलं. हातमागाच्या साड्या विकणाऱ्या छोट्या साईटवर एकेक नग असतो, गेला की गेला, तो परत येतच नाही, म्हणजे आमचं टूल तिथे काही कामाचं नाही असं मी म्हणत होतो. भिशीतल्या एका काकूंनी फोनवर समजावलं, "अहो, मला तीच नकोय. तसली हवीय. इरकल, नारायणपेठ, पाच हजाराच्या आत, काळा रंग सोडून." म्हणजे संपलेलं परत आलं का हे नाही, मला आवडेल असं नवीन आलं का हे. पोरांनी त्यावर काम करून शोधाची अट सेव्ह करायची सोय दिली, आणि आज पैसे भरणाऱ्यांत साडीवाल्या बायकांचं प्रमाण बाप्यांपेक्षा चांगलंय, शिवाय त्या वेळेवर भरतात. त्यांना टेलिग्राम नको होतं, व्हॉट्सअ‍ॅपच हवं. तिथे प्रत्येक मेसेजला पैसे, टेम्प्लेट आधी मंजूर करून घ्यायचा, आणि मार्केटिंगच्या मेसेजचा दर युटिलिटीच्या, म्हणजे नुसत्या कामाच्या मेसेजच्या, कितीतरी वर. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांचं पॅकेज महाग आहे, उगाच नाही.

काय करत नाही तेही सांगतो. आपोआप खरेदी करून देणारा बॉट बनवत नाही. दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, दुप्पट पैसे देतो म्हणतं, त्यातले निम्मे तर घेऊन वर चढ्या भावाने विकणारे असतात. तत्काळ तिकिटाचं करा म्हणणारेही येतात, त्यांना हात जोडतो. आम्ही दार वाजलं एवढं सांगणार, उघडायचं तुमचं तुम्ही.

पैसे सुरुवातीला अ‍ॅफिलिएट कमिशनमधून येतील असं गणित होतं. लोकं लिंकवरून घेतील, थोडे टक्के आपल्याला. पण ज्या वस्तूची बोंब असते तिच्यावर कमिशन नगण्य, आणि लोकं घाईत थेट अ‍ॅपमध्येच घुसतात, लिंक कोण बघतंय. खरा आधार आला दुकानदारांकडून. आमच्या जुन्या वेबसाईटच्या गिऱ्हाईकांपैकी एक मसालेवाले, त्यांचा काळा मसाला उन्हाळ्यात संपायचा आणि ते साईटवर संपला लिहून मोकळे. त्यांना "आल्यावर कळवा" असं बटण लावून दिलं. महिन्याभराने त्यांच्या हातात यादी आली की किती जणांना, कुठल्या गावात, किती किलोचा हवाय, आणि त्यांनी मिरची भरायचा अंदाज त्यावरून बांधला. ते म्हणाले मेसेज वगैरे ठीक आहे, मला ही यादीच हवी. आता आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न असल्या दुकानांकडून या बटणाच्या मिळणाऱ्या महिन्याच्या भाड्यातून येतं, आणि इथे जाहिरातीची ती अडचणही नाही, दुकानदाराला जितके जास्त लोक रांगेत तितकं बरंच.

ग्राहकांसाठीचं टूल बंद करा आणि दुकानांचंच करा असं सीए साहेब दर मार्चला सांगतात. करणार नाही. दुकानदाराला बटण विकायला जातो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की तुमचे मेसेज लोकं उघडतात का, आणि त्याचं उत्तर आम्हाला जिमवाल्यांनी आणि भिशीवाल्यांनी मिळवून दिलंय. सध्या लक्ष्मी रोडवरच्या एका शाळेच्या युनिफॉर्मवाल्यांशी बोलणं चालूय, दर जूनला ३२ ची पँट संपते आणि आया चकरा मारतात, त्यांना साईट नाही, बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे फक्त, त्यातून स्टॉक कसा वाचायचा यावर पोरं बसलीत. मे संपायच्या आत व्हायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षीच.