खिडकीबाहेर काय आहे?

मी एका ग्रंथालयाच्या बोलक्या पुस्तकांच्या विभागात काम करते. छापील पान ज्यांना वाचता येत नाही अशा वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणे आणि ध्वनिमुद्रित न झालेले पुस्तक कोणी मागितले, तर समोर बसून ते वाचून दाखवणे, असे या कामाचे स्वरूप आहे. कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रे, प्रवासवर्णने यांची सवय होती; चित्रांतून सांगितलेली गोष्ट मात्र आमच्याकडे कोणी मागत नसे आणि आम्हीही ती कोणाला सुचवत नसू. ती मागणी पहिल्यांदा आली त्या दिवशी मला माझ्या वाचनातली एक मोठी उणीव कळली.

मागणी करणारी वाचक पंचविशीच्या आसपासची होती. दोन वर्षांपूर्वी आजारपणात तिची दृष्टी गेली होती. त्याआधी ती चित्रकला शिकत होती आणि मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, भरपूर वाचत असे. आमच्याकडे ती प्रथम लाइट नॉव्हेल ऐकण्यासाठी येऊ लागली, कारण तो प्रकार मुळात गद्याचा आहे. जपानमध्ये ही छोटेखानी पुस्तके खिशात मावतील अशा आकारात निघतात, सुरुवातीला काही रंगीत चित्रे आणि मध्ये अधूनमधून काळीपांढरी चित्रे असतात, परिच्छेद अगदी लहान आणि बराचसा मजकूर संवादांचा. कित्येक कथा आधी लेखकांनी स्वतःच महाजालावर टाकलेल्या असतात. ‘शोसेत्सुका नि नारो’ हे तिथले त्यासाठीचे प्रसिद्ध संकेतस्थळ २००४ साली सुरू झाले. हजारो कथांच्या यादीत आपली कथा उठून दिसावी म्हणून लेखक सारे कथानकच शीर्षकात घालतात, त्यामुळे काही पुस्तकांचे नाव वाचतानाच श्वास घ्यायला थांबावे लागते.

या पुस्तकांना हलके समजून बाजूला सारणाऱ्यांशी मी सहमत नाही. वाचकाला एका बैठकीत शंभर पाने पुढे नेणे हे कौशल्याचे काम आहे. पण मोठ्याने वाचताना त्यांचे दोष लपत नाहीत. व्हिडिओ गेमच्या जगात अडकलेल्या नायकाची शक्ती, वेग आणि पातळी यांचे आकडे पानभर दिलेले असतात तेव्हा डोळा त्यांवरून सहज घसरून पुढे जातो. आवाजाला ती सोय नसते, आणि मग लेखकाने जिथे व्यक्तिरेखा घडवायची तिथे तक्ता भरला आहे, हे स्पष्ट ऐकू येते. दुसरी अडचण अनुवादाची आहे. जपानीत ‘मी’साठी ओरे, बोकु, वाताशी असे वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांवरून बोलणारा कोण हे बहुधा कळते, इंग्रजीत ते सगळे एकाच शब्दात विरघळतात. मराठीत सांगताना मला निदान ‘जातो’ आणि ‘जाते’ यांचा आधार मिळतो.

त्या दिवशी तिने लाइट नॉव्हेल बाजूला ठेवायला सांगितली आणि पिशवीतून एक पुस्तक काढले. तात्सुकी फुजिमोतो यांची ‘लुक बॅक’ ही मंगा, जुलै २०२१ मध्ये एकाच हप्त्यात प्रसिद्ध झालेली, सुमारे १४० पानांची. ती प्रसिद्ध झाली तेव्हा वाचायची राहून गेली आणि नंतर वाचणे शक्यच उरले नाही, असे तिने सांगितले. मी पुस्तक चाळून पाहिले. कित्येक पानांवर एकही संवाद नव्हता. “यात वाचून दाखवण्यासारखे फार थोडे आहे,” असे मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली, “मॅडम, शब्द कमी आहेत म्हणूनच तुमच्याकडे आणले. संवाद तर मोबाइलसुद्धा वाचून दाखवेल.”

आम्ही बसलो. सुरुवात सोपी गेली. शाळेच्या वार्तापत्रासाठी चार चौकटींची विनोदी चित्रकथा काढणारी फुजिनो ही मुलगी सगळ्यांच्या कौतुकाची धनी असते. एकदा तिच्या चित्रकथेशेजारी क्योमोतो नावाच्या, शाळेत कधीच न येणाऱ्या मुलीची चित्रे छापली जातात आणि ती फुजिनोच्या चित्रांपेक्षा कितीतरी सरस असतात. इथवर मी गोष्ट सांगावी तशी सांगत गेले. पुढे फुजिनो ईर्षेने सराव करू लागते, तेव्हा मी सांगितले, “ती टेबलाशी बसून चित्र काढते आहे, आपल्याकडे पाठ आहे.” पुढच्या चित्राला म्हणाले, “पुन्हा तेच.” त्याच्या पुढच्यालाही तेच म्हणाले.

तिने मला थांबवले. “तेच कसे असेल? काढणाऱ्याने एवढे कष्ट घेऊन तेच चित्र पुन्हा का काढले असेल? खिडकीबाहेर काय आहे?”

मी मागची पाने उलटली आणि नीट पाहिले. खिडकीबाहेरचा ऋतू बदलला होता. फुजिनोचे कपडे बदलले होते. चित्रकलेची पुस्तके आणि भरलेल्या वह्या यांचा ढीग वाढत चालला होता. बदलली नव्हती ती फक्त तिची पाठ. आदल्या रात्री हे पुस्तक माझ्या हाती पडले असते, तर ही पाने मी काही सेकंदांत ओलांडली असती आणि आपण ती वाचली असेच समजले असते. दिसत असूनही मी पाहिले नव्हते, आणि जिला दिसत नव्हते तिने प्रश्न योग्य जागी विचारला होता, याची मला मनापासून लाज वाटली.

मग आम्ही पद्धतच बदलली. नवी चौकट आली की मी बोटाने टेबलावर एकदा टकटक करायची, पान उलटले की दोनदा. चौकट उजवीकडून डावीकडे कशी सरकते, पानाचा किती भाग व्यापते आणि प्रकाश कुठून येतो, हे आधी सांगायचे, माणूस नंतर. मंगामध्ये वेळ चौकटींच्या आकारातून चालतो, ही गोष्ट मी पुस्तकी ज्ञान म्हणून जाणत होते. बोटाने टकटक करू लागल्यावर तो वेग मला हातात जाणवू लागला. अरुंद चौकटींच्या पानावर टकटक भरभर होई आणि पानभर पसरलेल्या चित्राशी हात आपोआप थांबे. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत किती काळ गेला, हेही ती दर वेळी विचारत होती. दृष्टी जाण्यापूर्वी तिने ‘फ्रीरेन’चे पहिले काही खंड वाचले होते. २०२० साली सुरू झालेल्या त्या मंगात हजार वर्षांहून अधिक जगलेल्या नायिकेला मित्रांसोबत पाहिलेला उल्कावर्षाव पुन्हा पाहायचा असतो, आणि त्या दोन भेटींच्या मध्ये पन्नास वर्षे अशी निघून जातात की माणसे म्हातारी झालेलीच समोर येतात. “ती पट्टी मला अजून दिसते,” असे ती म्हणाली.

सर्वांत अवघड प्रसंग पावसाचा होता. क्योमोतो पहिल्यांदा खोलीबाहेर येते, आपण तुमची चाहती आहोत असे सांगते आणि अंगातल्या जाकिटाच्या पाठीवर फुजिनोची सही मागते. फुजिनो तिच्यासमोर शांत राहते आणि घरी परतताना, भर पावसात, एकटीच नाचत सुटते. या पानांवर कोणी बोलत नाही. “तिला खूप आनंद झाला आहे,” असे मी म्हणताच तिचा हात वर झाला. “आनंद झाला हे मला कळू द्या. तुम्ही पाय सांगा.” मग मी पाय सांगितले. हात कुठवर उंचावला आहे, पावलाखाली पाणी कसे उडाले आहे, रस्ता किती मोकळा आहे, ते सांगितले. ती उठून उभी राहिली आणि मी सांगेन तसा हात वर नेत, गुडघा उचलत ती मुद्रा तिने स्वतःच्या शरीरात उतरवून पाहिली. “असे?” मी म्हणाले, “हात अजून थोडा वर.” तिने हात वर नेला आणि ती हसली.

पुढे कथेत जे क्रूर आणि अकारण घडते ते मी सांगितले तेव्हा खोलीत टकटकीखेरीज आवाज नव्हता. सही केलेले ते जाकीट पुन्हा दिसते त्या चौकटीशी मला थांबावे लागले. तिने घाई केली नाही. शेवटी पुन्हा टेबल, पाठ आणि खिडकी. या वेळी तिने विचारण्याआधीच मी खिडकीबद्दल सांगितले, आणि काचेवर डकवलेल्या चार चौकटींच्या कागदाबद्दलही.

एका बैठकीला चार तास लागले होते. जाताना तिने पुढच्या खेपेसाठी निक ड्रनासो यांची ‘सॅब्रिना’ मागितली. बुकर पारितोषिकाच्या लांबयादीत आलेली ती पहिली ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कादंबरी, २०१८ सालची. योगायोगाने तिच्या ध्वनिमुद्रणासाठी चित्रांचे वर्णन करणारी संहिता मी काही आठवड्यांपूर्वी, कोणी मागितलेली नसताना, हौसेने लिहायला घेतली होती. ड्रनासो यांची माणसे जवळजवळ निर्विकार असतात: डोळ्यांच्या जागी ठिपके, तोंडाच्या जागी छोटी रेघ, आणि एकसारख्या लहान चौकटींत बसलेले जड देह. एक तरुणी नाहीशी होते, तिच्या मृत्यूभोवती अफवांचे जाळे विणले जाते, आणि ज्यांचे दुःख सर्वांत मोठे आहे त्यांच्याच चेहऱ्यावर काही उमटत नाही. हेच त्या पुस्तकाचे बळ आहे असे माझे ठाम मत होते, आणि तरीही संहिता लिहिताना ते बळ मी पानोपानी काढून घेतले होते.

ती गेल्यावर मी संहिता उघडली. ‘उदास’, ‘हताश’, ‘खिन्नपणे’ असे शब्द जिथे जिथे होते तिथे ते खोडले आणि पुस्तकातले चित्र शेजारी ठेवून पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसले: खोलीत एक दिवा, पलंगाच्या कडेला बसलेला माणूस, हात मांडीवर, तोंडाची रेघ सरळ.